चारशे बहात्तर पानं आणि एक उंबरठा

"जे लिहिलंय तेवढंच वाच, बाई. जे लिहायला हवं होतं ते वाचू नकोस." छापखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी मोठ्या मुद्रितशोधकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या ओठांत टाचणी होती, आणि ती न काढताच ते बोलले, म्हणून मला ते वाक्य अजूनही दातांतून गाळून आल्यासारखं ऐकू येतं. ते छापलेला कागद समोर धरायचे, मी लेखकाचं हस्तलिखित मोठ्यानं वाचायची, आणि दोन्हींत जिथे फरक पडेल तिथे त्यांची लाल पेन्सिल खाली उतरायची. सगळं वाचायचं असायचं. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, अवतरण सुरू, अवतरण बंद. एकवीस वर्षं मी हेच करते आहे. एका लेखकानं पहिल्या प्रकरणात मारलेली बाई चौथ्या प्रकरणात चहा करायला उठवली, तेव्हाही मी तिला त्याच आवाजात चहा करू दिला. ते बघायचं काम दुसऱ्या कुणाचं होतं. घरचा माझा नेमही असाच आहे. पहाटे आंघोळ झाली की पोथीचा एक अध्याय, बोट ओळीखाली धरून, एक अक्षर गाळायचं नाही, एक अक्षर पदरचं घालायचं नाही. पाठ होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. आणि संध्याकाळी दिव्यापुढे बसून दिवसभरात जे खोटं किंवा कमीजास्त बोललं गेलं असेल ते हळूच सांगून टाकायचं. बहुतेक दिवशी सांगण्यासारखं काही निघत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा अभिमानही होता. अशा बाईनं त्या दिवशी दुपारी सव्वातीनच्या सुमाराला, वन्संच्या खोलीत, एकशे एकतिसाव्या पानावर, तिथे नसलेलं एक वाक्य वाचलं.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. रफूचं काम करतात. सिगारेटनं जळालेला कोट असो, कसरीनं खाल्लेली शाल असो, त्या कापडाच्याच कडेचा धागा उसवून भोक असं विणून टाकतात की मालकालाच जागा सापडू नये. लग्न केलं नाही. पुढच्या खोलीत काम, मागच्या खोलीत राहणं, आणि दोन्हींच्या मधे काचेच्या बरण्यांत रंगवार लावलेली दोऱ्यांची रिळं. करड्या रंगाच्याच अकरा बरण्या आहेत. त्यांचा डावा डोळा पहिल्यापासून नावालाच. सगळं काम उजव्यावर. त्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा एके सकाळी सुई ओवताना सुटला, कोपऱ्यातून काळं पाणी चढावं तसा अंधार चढत आला, आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांच्या डॉक्टर वयानं लहान होत्या पण बोलायला रोखठोक. त्यांनी सांगितलं की डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडलाय, तो वर चढून पडद्याला मागे टेकवून धरेल, पण त्यासाठी चौदा दिवस चेहरा जमिनीकडे हवा. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून, जेवायचं तसंच. "मान वर केलीत की बुडबुडा जागा सोडणार. आणि पडदा दुसऱ्यांदा सुटला तर मी काही करू शकेन असं मला सांगता येणार नाही." वन्संनी मान खाली घालूनच विचारलं की मग रफू. डॉक्टर म्हणाल्या, चौदा दिवसांचं रफू तुम्हालाच करायचंय, हात न लावता. मला ते बोलणं आवडलं. वन्संना आवडलं नाही. दहा मिनिटं एका जागी न बसणारी बाई ती.

म्हणून त्यांनी ती कादंबरी राखून ठेवली होती. शहरात त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. बसथांब्यावर तिच्या जाहिरातीची पाटी, औषधाच्या दुकानात तिची पाटी, वाचनालयात दीडशे माणसं नाव लावून बसलेली. कोट रफूला टाकायला आलेल्या बायका कोट विसरून कादंबरी सांगायच्या आणि शेवट जवळ आला की तोंडावर हात ठेवायच्या. गोष्ट प्रेमाची, पण प्रियकर मेलेला. डोंगरावरच्या जुन्या वेधशाळेत शंभर वर्षांपूर्वी वारलेला एक तरुण खगोलशास्त्रज्ञ, आणि तिथे नव्यानं राखणीला आलेली मुलगी. वन्संनी ती विकत आणून, खाकी कागदाचं वेष्टन घालून, बरण्यांच्या मागे ठेवली होती, लहान मुलापासून खाऊ लपवावा तशी. चौदा दिवस आणि चारशे बहात्तर पानं, म्हणजे रोज तेहतीस-चौतीस. तू वाचायचीस, मी ऐकायची, असं त्यांनी दवाखान्यातच ठरवून टाकलं. मी छापखान्यात चौदा दिवसांची रजा टाकली. पुढे चाळून बघायचं नाही, काही गाळायचं नाही, अशी त्यांनी मला अट घातली आणि मग स्वतःच हसल्या, की मी कुणाला सांगतेय.

आणि मला एक मनातली गोष्ट होती, ती मी त्यांना सांगितली नव्हती. हे जाऊन सात वर्षं झाली. साधा ताप आला, आठवड्यात संपलं. त्या सात वर्षांत वन्सं आणि मी ह्यांच्याबद्दल बोललो नाही असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही, कारण दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते, आम्ही तासन् तास बोलतो, दोऱ्यांबद्दल, गळक्या मोरीबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल. त्यांना वाटायचं माझ्यापुढे नाव काढू नये. मला वाटायचं त्यांच्यापुढे. दोघींनी मिळून त्या माणसाला इतकं जपलं की तो खोलीत कुठे ठेवलाय हेच कळेना. मी देवापुढे बसते पण ह्यांना परत आण असं कधी मागितलं नाही, ते मागण्यासारखं नाही एवढं मला कळतं. पण मेलेलं माणूस घरात येतं. कसं येतं ते मला कुणाला सांगता आलं नसतं. ती पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा बसथांब्यावर उभ्या उभ्या मला वाटलं, कुणीतरी लिहिलं म्हणायचं. एवढ्या माणसांना भावलंय त्या अर्थी लिहिणारीनं ते बरोबर पकडलं असणार. बस आली, गेली. मी पाटीकडेच बघत होते. त्या वयात त्या पाटीकडे तसं बघणं शोभत नव्हतं. त्यावर एक उघड्या छातीचा पारदर्शक मुलगा होता.

पहिल्या दिवशी मी स्टूल ओढून बसले, पुस्तकाला सवयीनं कपाळ टेकवलं आणि वाचायला लागले. वन्सं गादीवर पालथ्या, चेहरा मधे भोक असलेल्या उशीत, आणि त्या भोकातून डाव्या डोळ्याला अंधूक दिसणारी माझी पावलं, एवढंच त्यांचं जग. दोन वाक्यं झाली आणि गादीतून आवाज आला, की वहिनी, स्वल्पविराम त्या बाईंचे आहेत, ते त्यांच्यापाशीच राहू देत. मी कानाला हात लावला. पण अर्ध्या पानानंतर "अवतरण सुरू" पुन्हा निघून गेलं, आणि वन्सं उशीत फुरफुरल्या. दिवसभरात कितीदा गेलं याची गणती नाही. "तो म्हणाला स्वल्पविराम मी तुझी शंभर वर्षं वाट पाहिली उद्गारचिन्ह" हे वाक्य आम्हाला दोन दिवस पुरलं. मी पाणी आणून दिलं की त्या म्हणायच्या, शंभर वर्षं वाट पाहिली उद्गारचिन्ह.

आता वाटतं, ते पहिले दोन दिवस त्या चुकांवरच निभावले, कारण कादंबरीत स्वतःचं काही नव्हतं. मी एवढ्या आशेनं वाचत होते की आधी दोष मला माझाच वाटला. पाठासारखं एकसुरी वाचतेय का, म्हणून आवाज जरा वरखाली केला, तर वन्संनी विचारलं की घसा बसला का. नाही, दोष पुस्तकाचाच होता. तो मेलेला मुलगा नुसता सुंदर होता. त्याचे डोळे चांदीसारखे होते. ते चांदीसारखे असल्याचं दर दोन पानांनी सांगितलेलं, आणि वन्सं दर खेपेला गादीच्या कडेवर बोटानं ठक करायच्या. तिसऱ्या दिवसाअखेर एकतीस ठकठक झाल्या. तो तरंगत यायचा, पाय जमिनीला लागायचे नाहीत. त्याला कधी काही सापडेनासं व्हायचं नाही, तो कधी शिंकायचा नाही, एकच गोष्ट दोनदा सांगायचा नाही. शंभर वर्षं एका इमारतीत राहूनही कुठलं दार करकरतं ते त्याला ठाऊक नव्हतं. दर प्रकरणाच्या शेवटी त्याचे ओठ तिच्या ओठांपर्यंत यायचे आणि कुठेतरी घड्याळ वाजायचं. वन्संनी एकदा शांतपणे विचारलं, "हा मेलाय की नुसता रजेवर आहे?" मी हसले नाही. मला खरंच वाईट वाटलं होतं. कुणीतरी बोलवावं म्हणून आपण कपडे बदलून बसावं आणि बोलवणं शेजारच्या घरचं निघावं, तसं.

चौथ्या दिवशी वन्सं थकल्या. पाठ लाकडासारखी झाली होती, कपाळावर उशीची वळी उमटली होती, आणि दुपारी जेवताना ताटावर मान घालून त्या म्हणाल्या की आता दहा मिनिटं मी सरळ बसणार आहे, बुडबुड्याला काय कळतंय. आवाजात चेष्टा नव्हती. मी काहीबाही सांगितलं, डॉक्टरांचं वाक्य परत सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "बरं, वाच मग. दहा पानं. त्यात काही झालं तर पडून राहीन. नाही तर उठणार." मी एकशे चोविसावं पान उघडलं. एकशे पंचवीस. सव्वीस. चांदीचे डोळे, पण ठक ऐकू आलं नाही. गादीवरचे खांदे ताठ झालेले मला दिसत होते, उठण्याआधी होतात तसे. एकशे तीस. माझ्या आवाजाच्या दोरीवर त्या उजव्या डोळ्याचं ओझं लोंबकळतंय आणि दोरी कच्ची आहे, असं काहीतरी वाटत होतं. पान उलटलं. एकशे एकतीस. दार आपोआप उघडले. चांदणे आत आले, आणि चांदण्याबरोबर तो. मग मी वाचलं: आत येताना त्याने बुटाच्या टोकाने उंबरठा चाचपून पाहिला. पुढची ओळ तिच्या उसळत्या छातीची होती, ती वाचू लागले तेव्हा कळलं की मधलं वाक्य कागदावर नव्हतं.

हे लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करत. लिफ्ट मजल्यावर थांबली की तिची जमीन आणि मजल्याची जमीन एका रेषेत आली का, ते बघायचं असतं. बाकीचे वाकून बघतात, हे बुटाच्या टोकानं चाचपायचे. खिशात पाणसळ असायची, ती काचेची नळी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की पातळी बरोबर. पण पाणसळ नंतर, आधी बूट. पुढे ती सवय पायालाच लागली. घरात येताना, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, कुठल्याही दारातून आत येताना उजव्या बुटाचं टोक उंबरठ्यावर एकदा पुढे, एकदा मागे. चामडं लाकडावर घासल्याचा बारीक आवाज यायचा. तेवीस वर्षं संध्याकाळी मी आतल्या खोलीत बसून तो ऐकला आणि दर वेळी पाठोपाठ "पोचलो" असं ऐकू आलं, घरात कुणी असो नसो. तो आवाज मला अजून येतो. मला वाटलं होतं त्या कादंबरीत तो असेल. तो तिथे नव्हता, आणि माझ्या तोंडानं तो तिथे ठेवला. मी थांबले. पंखा फिरत होता, आणि समोरच्या गादीवरचे खांदे सैल झाले होते. मग उशीतून आवाज आला, "पुढे वाच." आणि त्यानंतर, अगदी हळू, "सावकाश वाच."

त्या संध्याकाळी घरी येऊन दिव्यापुढे बसले. आज पदरचं एक वाक्य घातलं, असं मनात म्हणायचं होतं. म्हटलंही. पण नेहमी म्हटल्यावर आत काहीतरी जरा खाली बसतं, तसं बसेना. मी पुन्हा म्हटलं. वाती नीट केल्या, पुन्हा म्हटलं. आणि माझ्या लक्षात आलं की मी हसते आहे. दिव्यापुढे, हात जोडून, पन्नाशीची बाई, शाळेतल्या मुलीनं वर्गात हसू दाबावं तशी. देवाला कसं वाटलं असेल कोण जाणे. मला वाटतं तोही इतकी वर्षं माझ्या त्या कोऱ्या संध्याकाळी ऐकून कंटाळला असेल. शेवटी मी एवढंच म्हणाले की दहा दिवस राहिलेत, त्यांचा डोळा राहू दे, बाकीचं आपण नंतर बघू. अशा भाषेत मी कधी बोलले नव्हते.

पाचव्या दिवशी मेलेल्या खगोलशास्त्रज्ञानं वेधशाळेच्या मोरीतला नळ घट्ट बंद केला. सहाव्या दिवशी तो चष्मा शोधत तीन खोल्या फिरला आणि चष्मा त्याच्या कपाळावर होता. बाकी मी सगळं लिहिल्याबरहुकूम वाचत होते, चांदीच्या डोळ्यांसकट, आणि ठकठक पुन्हा सुरू झाली होती. पण मधेच कुठे, दार आलं की, जिना आला की, जागा सापडायची. मी ठरवून काही करत नव्हते, म्हणजे रोज सकाळी ठरवत होते की आज नाही, आणि स्टुलावर बसेपर्यंत ते टिकत होतं. तो जिना उतरताना पायऱ्या मोजायचा आणि आकडा तोंडानं म्हणायचा. तो उभ्यानं खायचा, खिडकीशी. एकच गाणं गुणगुणायचा तो, दोन ओळींचं, आणि दुसरी ओळ नेहमी चुकायची. त्या वाक्यांपाशी माझा आवाज बदलत असणार. मला ते कळत नव्हतं, गादीवरच्या पाठीकडे बघून मात्र कळायचं. पाठ ऐकत होती. सातव्या दिवशी वन्संनी विचारलं, "हा लहानपणी झोपताना उशीखाली खिळे ठेवत असेल, नाही?" मग त्या म्हणाल्या, "आपलं मला वाटलं. अशी माणसं ठेवतात. आई चादर झटकायची तर खिळ्यांचा पाऊस." हे मला माहीत नव्हतं. तेवीस वर्षांच्या संसारात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तासाभरानं, दोनशे सव्विसाव्या पानावर, त्या मुलीला मेलेल्या प्रियकराच्या उशीखाली सात खिळे सापडले, एक वाकडा. वन्संच्या एका पायाचं बोट हललं.

मग ते रोजचं झालं. त्या सहज म्हणाव्या तसं म्हणायच्या, हा शाळेत कुणाशी मारामारी करून यायचा आणि शर्टाच्या बाह्यांत हात लपवून बसायचा का गं, याला कुणी लाडानं भलतंच नाव ठेवलं असेल. ह्यांना लहानपणी घरात बंब म्हणत, पाणी तापवायच्या बंबासारखे गोल आणि कायम ऊन. ते नाव मी सात वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ऐकलं नाही, पण दोनशे नव्वदाव्या पानावर चांदण्याचा बनलेला तो देह थंड नव्हता, तापलेल्या बंबासारखा ऊन होता, आणि वन्संना एकदम खोकला आला. मी पाणी दिलं. नळीनं पाणी ओढता ओढता त्या म्हणाल्या की वहिनी, तुझे अंगठे आज हसताहेत. मी पाय स्टुलाखाली ओढून घेतले. उठून बसायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. सकाळी मी आले की त्या आधीच भोकाच्या उशीत तोंड घालून तयार असायच्या, शाळेला उशीर होऊ नये तशा. डॉक्टर नवव्या दिवशी येऊन बघून गेल्या. बुडबुडा जागेवर आहे म्हणाल्या, आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं की ह्यांना तुम्ही नेमकं काय वाचून दाखवता, माझे बाकीचे पेशंट पाचव्या दिवशी मला शिव्या देतात. मी कादंबरीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, ती? मी साठाव्या पानाला सोडली.

बाराव्या दिवशी दुपारी ती संपली. शेवट असा होता की पौर्णिमेच्या एका विशिष्ट घटकेला मुलीनं दुर्बिणीतून पाहिलं आणि त्याला देह परत मिळाला. हाडामांसाचा, पंचविशीचा. दोघं डोंगर उतरून गावात गेली आणि त्यांनी घर केलं. एवढ्या बायकांनी तोंडावर हात ठेवला होता तो यासाठी. शेवटची चार पानं मी जशीच्या तशी वाचली. एक शब्द घातला नाही. घालायला जागाच नव्हती. तो जिवंत होऊन आला, आणि जिवंत होऊन आलेल्या माणसाशी वन्संचं किंवा माझं काही देणंघेणं नव्हतं. मी पुस्तक मिटलं, सवयीनं कपाळाला लावलं. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी दार ओढत होतं. वन्सं म्हणाल्या, "हे तेवढं त्या बाईंचं."

मी म्हणाले की वन्सं, मी तुमची अट मोडली. एकशे एकतिसाव्या पानापासून मोडली. सगळं सांगितलं, वाक्य न् वाक्य, दिव्यापुढे सांगते तसं, नळ, चष्मा, जिना, सगळं. त्या ऐकत राहिल्या. आणि मग उशीत तोंड घातलेल्या आवाजात त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "अगं, त्याला बूट कुठून आले? चाळिसाव्या पानापासून तो तरंगतोय." मी तोंडाला पदर लावला. "उंबरठा चाचपला म्हणालीस तेव्हाच कळलं मला. रफू ओळखायला लोक बोट फिरवतात. बोटाला माझं रफू लागत नाही. कापड उजेडासमोर धरावं लागतं, आणि जिथे आजूबाजूच्या कापडापेक्षा जास्त दाट दिसतं, तिथे रफू असतं. मी इथे बारा दिवस उलटी पडून हेच करतेय. जिथे दाट लागलं तिथे बंब होता." ते नाव असं त्या खोलीत पडलं, सात वर्षांनी, एखादं रीळ बरणीतून निसटून घरंगळत जावं तसं, आणि आम्ही दोघी ते कुठे जातंय ते बघत राहिलो. मग वन्सं हसायला लागल्या. पालथ्या माणसाचं हसणं पोटात अडकतं. गादी हलायला लागली, मी घाबरून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, की मान वर करू नका, बुडबुडा, बुडबुडा, आणि त्या उशीतून म्हणाल्या, "पाणसळ खिशात आहे का बघ त्याच्या." त्यावर मी स्टुलावरून खाली बसले. हसता हसता रडलो असं लोक लिहितात, मी ते पुष्कळदा मोठ्यानं वाचलंय. पण खोटं कशाला सांगू, आम्ही नुसत्याच हसलो. रडायला सात वर्षं मिळाली होती.

शांत झाल्यावर त्यांनी माझ्याकडून एक वचन घेतलं. डोळा आला तर त्यांना ते पुस्तक स्वतः वाचायचं होतं. मी म्हटलं, ते? पुन्हा? त्या म्हणाल्या, "ते नाही. आपलं. तू जे जे घातलंस ते त्या त्या पानावर लिहून ठेव. जागच्या जागी. या डोळ्याला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात." मी सांगितलं की मी आजवर दुसऱ्यांचं वाचलंय, लिहिलं कधी नाही, मला येणार नाही. त्या म्हणाल्या, "वाचलंस तेव्हा कुणाचं होतं?" मी लिहीन म्हणाले. मी लिहीन म्हटलं की लिहावं लागतं, हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच त्यांनी ते तोंडून काढून घेतलं.

उरलेले दोन दिवस पुस्तक नव्हतं, आणि लागलंही नाही. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, दिवा मारून बराच वेळ बघितलं, आणि मग एक बोट धरलं. वन्सं म्हणाल्या एक. तीन धरली. तीन. पडदा बसलाय, डॉक्टर म्हणाल्या, आणि एवढं म्हणून त्यांनी स्वतःच खुर्चीला पाठ टेकली. वन्संनी चौदा दिवसांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, डोकं जरा इकडे, जरा तिकडे करून. "तू चौदा दिवसांत एवढी म्हातारी झालीस का हा डोळाच थापा मारतोय?" मग म्हणाल्या, मधे एक रेघ आहे. मान हलवली की ती हलते, थांबवली की सरळ होते. डॉक्टर म्हणाल्या, तोच बुडबुडा, तो आता विरत जाईल. तीन आठवड्यांत रेघ खाली खाली जाऊन नाहीशी होईल, त्यानंतर वाचायला हरकत नाही. वन्संनी मान हळूच डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, मधे आणून थांबवली. "पातळी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. ते वाक्य कुणाचं होतं हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं.

आज सकाळी पाठ झाला. बोट ओळीखाली, एक अक्षर गाळलं नाही, एक घातलं नाही. पुस्तक मिटून कपाळाला लावलं, जागेवर ठेवलं. छापखान्याला जायला अजून पाऊण तास होता. मी पाटावर बसूनच पेन्सिलीला टोक केलं आणि ती दुसरी, खाकी वेष्टनातली पोथी समोर घेतली. एकशे एकतिसावं पान. दार आपोआप उघडले. चांदणे आत आले, आणि चांदण्याबरोबर तो. दोन शब्दांच्या मधे राहून गेलेलं काही घालायचं असेल तर तिथे एक लहानशी खूण करतात, पक्ष्याच्या पायासारखी. हंसपद म्हणतात तिला. एकवीस वर्षांत ती मी हजारोंनी पाहिली, दुसऱ्याच्या लाल पेन्सिलीतून उतरताना. ती करायचा अधिकार माझा नव्हता. मोठ्या मुद्रितशोधकांची मनातल्या मनात क्षमा मागितली. खरं म्हणजे त्यांनी मला वाचायचं कसं तेवढंच सांगितलं होतं. मी "तो" नंतरच्या पूर्णविरामापाशी पेन्सिल टेकवली, आणि खूण केली. मग समासात, वन्संना दिसेल एवढं मोठं, शिरोरेघ आधी सरळ ओढून घेऊन, मी लिहायला लागले.